मन्हा डाव बाकी शे

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन कोरीटला भावाकडे गेलो. तिचा मोबाइल कपाटात ठेवला आणि ऐटीत म्हणालो, "बाहेर खेळ. आम्ही दिवसभर उन्हात असायचो." खरं तर मी झाडाखाली झोपायचो.

दिवस कलला तरी ती परतेना, तेव्हा मीच दारात येरझाऱ्या घालू लागलो. वहिनी हसली, "तिले तूच धाडं ना भाऊ, आते कसाले घाबरी ऱ्हायना?"

शोधायला धावलो, तो वाळत घातलेल्या मिरच्यांवरच घसरून पडलो. पलीकडे धुळीनं माखलेली लेक पोरींबरोबर लंगडी घालत होती.

"थांब ना पप्पा, मन्हा डाव बाकी शे!"

घरी अहिराणीला नाक मुरडणारी ती! जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले. ते मी मिरचीच्याच हातानं पुसले आणि तिचा डाव संपेपर्यंत खरोखर रडत बसलो.