धुरीची खोली आणि वाऱ्याचा आळ

“म्हाताऱ्यानं दार उघडलं, वारं लागलं आणि नातीचा श्वास अडकला,” असे आमच्या मुडबी गावच्या बायका आजही सांगतात. तो म्हातारा मीच. हे साफ खोटे आहे.

त्या सकाळी शेजारच्या दोन लेकुरवाळ्या आपापली बाळे घेऊन माझ्या सुनेपाशी बसल्या होत्या. पोटदुखी, खोकला, दूध ओकणे, हेच बोलणे चालले होते. तान्ह्या नातीचे न्हाणे झाल्यावर माझ्या पत्नीने दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि मी आणून दिलेल्या निखाऱ्यांवर ओवा नि ऊद टाकून तिला धुरीवर धरले.

“आत्या, हिची छाती वाजायलीय,” सून सासूला म्हणाली.

“समद्यांचीच वाजती. कामून घाबरायलीस गं?” एक शेजारीण हसली. “बघ, गप झाली का न्हाई?”

रडणे थांबले याचेच त्यांना समाधान! कोपऱ्यात बसलेल्या मी उठून वाकून पाहिले, नातीला हिसकावून घेतले आणि दार उघडले.

“अप्पा, वारं लागंल!” सगळ्या ओरडल्या.

हुमनाबादच्या दवाखान्यात प्राणवायू दिल्यावर नात पुन्हा रडली.

वाऱ्याला दोष देणाऱ्यांना माझे एकच उत्तर आहे: दार बंद होते तेव्हाच तिचे ओठ निळे पडले होते.