अजिंठ्याच्या घाटात पुठ्ठा

पुंडलिकनगरातून निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. बाबांची जुनी गाडी, शेजारी आई आणि मागच्या सीटवर मावशीसाठी मोसंब्यांची पिशवी. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. आईने मला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. फोनवर एवढंच म्हणाली, "गाडी फर्दापूरला नेऊन आण. धड गेली-आली तर काय करायचं ते ठरवू." गाडी घरातच राहावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

पुढच्या जाळीमागे बाबांनी सुतळीने बांधलेला पुठ्ठा अजून तसाच होता. थंडीत इंजिन लवकर गरम झालं की पेट्रोल कमी लागतं, हा त्यांचा सिद्धांत. अॅव्हरेजच्या बाबतीत हा माणूस भलताच चिकट. उतारावर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. त्यांच्या हातच्या गाठी सोडायला माझं मन धजेना. पुठ्ठा राहू दिला.

फुलंब्री, सिल्लोड मागे पडलं. रस्त्याकडेच्या रानात कापूस वेचणी चालली होती. तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर बसला होता. घाट उतरून फर्दापूरला पोचलो. मावशीने कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत केलं होतं. "लई वाळलीस गं," म्हणत तिने लोण्याचा गोळा वाढला. तिने आधी चार ताटं मांडली होती. मग एक हळूच उचलून ठेवलं.

परत निघायला दुपार झाली. घाटाच्या चढावर पुढे भरलेला ट्रक, मागे मी, आणि काटा सरसर वर. गरम वास येऊ लागला. गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं.

एक ट्रॅक्टरवाले काका थांबले. "ताई, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका बरं. लई भाजंल. आधी निवू द्या तिला."

आईने उतरून जाळीतून आत पाहिलं. "पुठ्ठा काढला नाहीस?"

"काढायचा असतो?"

"अगं, घाट चढायच्या आधी पायथ्याशी थांबून बाबा तो काढायचे. तुम्हा पोरांना वाटायचं, चहासाठी थांबलो."

मला ते थांबणं लख्ख आठवलं. टपरी, बशीतला चहा आणि बोनेटमध्ये वाकलेली बाबांची पाठ.

इंजिन निवल्यावर आईनेच गाठी सोडल्या. आत बसून तिने हीटर पूर्ण चालू केला. "इंजिनची गरमी आत येऊ दे. आपल्याला घाम फुटेल, पण ते थंड राहील." काचा खाली करून, पदराने तोंड पुसत आम्ही वर आलो. काटा मध्यावर उतरला.

"बघ, धड आहे गाडी!" मी म्हणाले. "ठेवायची ना?"

"धड आहे म्हणूनच देऊन टाकू," आई म्हणाली. "दारात उभी राहून गंजली तर मला बघवणार नाही. चालतीय तोवर कुणीतरी चालवू दे."

तिचं बरोबर होतं आणि मला ते अजिबात नको होतं. सिल्लोडनंतर मी गाडी फारच सावकाश घेतली. मागचे हॉर्न वाजवून पुढे जात होते. पुंडलिकनगर यायलाच नको, असं वाटत होतं.

"बाबांसारखं पेट्रोल वाचवतेस का?" आईने विचारलं.

मी हो म्हणाले.