कळंबला न पोचलेला केक

तुळजापूर, मंगळवारची सकाळ. हजर: सासूबाई, देवीच्या दर्शनाला आलेल्या नणंदबाई, त्यांची दोन मुलं आणि गॅसपाशी मी.

आईच्या वाढदिवसासाठी मी कुकरमध्ये केक भाजून डब्यात भरला होता. आता फक्त कळंबची एसटी गाठायची होती.

“वहिनी, तुमच्या हातच्या शिऱ्याबिगर दर्शन पुरं होत न्हाय बघा,” नणंदबाई म्हणाल्या. आमच्या घरी दर्शनाला येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो. मी रवा भाजायला घेतला, तोवर मुलांनी डबा उघडला.

“खाऊ दे की लेकरांना,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या आईला कुठं गोड चालतंय?”

मी सुरी दिली. दुसरा केक लावावा म्हटलं, तर कुकरात नैवेद्याच्या पुरणाची डाळ चढलेली. एसटी गेली. आज येत नाही, हे आईला सांगायचं अजून राहिलंय.