पंपाचा प्रोग्रॅम

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळ आमची इमारत. पाणी यायचं, पण नक्की कधी ते सांगता यायचं नाही. ते आधी खालच्या टाकीत साठायचं आणि पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागायचं. वॉचमन बदलत राहायचे, पंप लावायचा राहून जायचा. मी ठाण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी दोन्ही टाक्यांत पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर बसवले आणि सोसायटी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वरची टाकी रिकामी होत आली आणि खाली पाणी असलं की पंप सुरू, वरची भरली की बंद. प्रोग्रॅम चालायचा पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत. ती उघडी असेपर्यंतच तो चालणार.

त्याच कॉम्प्युटरवर आमचे सेक्रेटरी नोटिसा टाइप करायचे. कल्याणच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, अख्खी इमारत त्यांना सर म्हणायची. एका सकाळी सगळ्यांचे नळ कोरडे. मी ऑफिसात गेलो तर काळी खिडकी गायब.

"सर, इथली खिडकी बंद केलीत का?"

"केली. सारखी मध्ये येत होती. आणि काम झालं की सगळं बंद करून उठायची मला सवय आहे."

त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. ज्याने कायम चालायचं त्या प्रोग्रॅमला असं खिडकीत ठेवायचंच नसतं. त्या शनिवारी मी त्याची सर्व्हिस करून टाकली. म्हणजे पडद्यावर काही दिसत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की कुणी लॉगिन करायच्या आधीच प्रोग्रॅम मागच्या मागे सुरू होतो, आणि मध्येच बंद पडला तर कॉम्प्युटरच त्याला पुन्हा सुरू करतो.

सरांना हे पसंत पडलं नाही. "दिसत नाही, तर चालू आहे की नाही हे मला कळणार कसं?"

मी त्यांना सर्व्हिसेसची यादी उघडून दाखवली. आमच्या प्रोग्रॅमच्या नावापुढे 'चालू' असं येत होतं. तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली, पण फार खुशीने नाही.

पुढचे कित्येक महिने ठीक गेले. वीज जायची, यायची, पाणी आपलं चढत राहायचं. असा काही प्रोग्रॅम आहे हेच लोक विसरले. खरं सांगायचं तर मीही विसरलेलो.

तळमजल्यावर एक आगरी कुटुंब राहायचं. इमारतीखालची जमीन पूर्वी त्यांचीच, तिथे भात व्हायचा. त्यांच्या मुलीची हळद होती. खाली मांडव, गच्चीपासून लायटिंगच्या माळा सोडलेल्या, बेंजोवाले आलेले, गावचे पाहुणे. भर दुपारी मुलीची आई माझ्या दारात उभी. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"दादा, तुझा त्यो कॉम्प्युटर काय करतंय रं? पोरीला हलद लागलीय नि नलाला पानी नाय!"

मी धावत ऑफिसात गेलो. सर आधीच तिथे बसलेले. पडद्यावर यादी उघडी, आणि आमच्या प्रोग्रॅमपुढे 'चालू'.

"बघ. हे तर चालू आहे म्हणतंय," सर म्हणाले.

पंप मात्र गप्प होता. खालची टाकी काठोकाठ भरलेली. सरांनी उठून भिंतीवरचा पंपाचा स्विच हातानेच दाबला. पाणी वर चढेपर्यंत नवरी मुलगी दाराशी खुर्चीवर बसून होती. तोंडावरची हळद वाळून कडक झालेली आणि मैत्रिणी तिला मुद्दाम हसवत होत्या. "ए, गप बसा ना, तडे जातायत तोंडाला," ती ओठ न हलवता म्हणत होती. नळाला पाणी आलं तेव्हा बायकांनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून बेंजोवाल्यांना वाटलं आपल्यालाच सांगतायत. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

प्रोग्रॅम काय काय करतोय त्याची नोंद मी ठेवत होतो, ती उघडली. शेवटची ओळ सकाळची: वरच्या टाकीला पातळी विचारली. पुढे काहीच नाही. माळा बांधणाऱ्यांच्या हातून गच्चीवरची वायर निघालेली. प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसलेला. तो बंद पडला नव्हता, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी सगळं आलबेल होतं.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "वर्गात हजेरी घेताना मी मुलाला 'हजर' म्हणायला लावायचो. बाकावर दप्तर दिसलं म्हणून खूण केली नाही कधी."

लग्न पार पडल्यावर मी बदल केले. सेन्सरने ठरावीक वेळात उत्तर दिलं नाही तर वाट बघणं सोडायचं आणि कमिटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. शिवाय प्रोग्रॅमने स्वतःहून थोड्या थोड्या वेळाने कॉम्प्युटरला आपली खबर द्यायची. खबर आली नाही तर कॉम्प्युटरने त्याला मारून नव्याने सुरू करायचं. सरांनी माझ्यासमोर, मला न विचारता, सेन्सरची वायर काढून बघितली. मेसेज आला. मग त्यांनी ती परत लावली.

गेल्या वर्षी मी ठाण्याला राहायला गेलो. जाण्याआधी चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंना सगळं शिकवलं. सर्व्हिस थांबवायला सांगितलं तेव्हा त्या घाबरल्या. "आणि परत सुरूच नाही झाली तर?" मी म्हटलं, मी इथे आहे तोवरच करून बघा. त्यांनी थांबवली, सुरू केली, पुन्हा थांबवली. तिसऱ्या वेळेला माझ्याकडे बघितलंही नाही.

परवा त्यांचा फोन आलेला. शेजारच्या विंगचा पंपही त्यांनी त्याच प्रोग्रॅमला जोडलाय. काही विचारायला फोन नव्हता, नुसतं सांगायला. मी दोनचार प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं त्यांच्याकडे होती. फोन ठेवल्यावर जरा खट्टू झालो. बायको म्हणाली, चला, पानं वाढलीयत.