माझे अकरा डबे

आमच्या यांनी माझ्या स्वयंपाकघरातले अकरा डबे मोटारसायकलला दिले. भांडताना मी हे असंच म्हणायची. निवृत्त झाल्यावर यांनी मागच्या पडवीत वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली आपली जुनी जपानी टू-स्ट्रोक गाडी खोलली. नट-बोल्ट ठेवायला जागा पुरेना, आणि सिंदी मेघेच्या आमच्या घरातून एकेक डबा नाहीसा होऊ लागला. तिखटाचा गेला, मोहरीचा गेला, शेवटी लाडवाचा गेला. त्याच्या झाकणाची मूठ कधीच निघाली होती. भोकात सुतळी ओवून मी ते उघडायची. पण लाडू त्यातच टिकायचे.

त्या सकाळी मी म्हणाले, “आज माह्या लाडवाचा डबा खाली करून द्या, नाई तं गाडी भंगारात टाकीन.”

“देतो ना वं. काऊन तरास करून राह्यली?” एवढं म्हणून हे नळावर हात धुवायला गेले आणि तिथेच बसले. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. नाडी पाहिली, पण पाहायची गरज नव्हती.

मला रडू आलं नाही. यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मीही वाटच बघत होते. भूक लागायची, झोप लागायची, बाकी आत सगळं भूल दिल्यासारखं.

डबे मात्र हवे होते. सामान गोणीत ओतलं असतं तर काम एका मिनिटाचं होतं, पण प्रत्येक डब्यात यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ‘क्लच. प्लेटा याच क्रमाने.’ ‘डावीकडचे चार, उजवीकडे लावू नये.’ असं नीट मांडलेलं सामान विस्कटायला माझा हात धजेना. मग यांचे जुने मित्र, नाचणगावचे मेकॅनिक, त्यांना बोलावलं. ते दर रविवारी येऊ लागले.

पोट शिवण्याआधी सिस्टर अवजारं मोजते. एक चिमटा कमी भरला तर ती मोठ्या डॉक्टरलाही टाका घालू देत नाही. मी पडवीत स्टूल टाकून तेच केलं. चिठ्ठी वाचायची, मोजायचं, हातात द्यायचं. पिस्टन बसला, क्लच बसला, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुऊन निघाला. रिकामा झालेला डबा घासून मी फळीवर ठेवायची. दहा डबे परत आले, मन मात्र ढिम्म.

एका रविवारी गाडी सुरू झाली. पडवीभर निळा धूर. मेकॅनिकनी बाहीने डोळे पुसले. मी म्हणाले, “धूर फार आहे.”

“ऑइल जादा झालं, वैनी. जळून जाईन.”

मग अकरावा, लाडवाचा डबा उघडला. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘शेवटी’. आत चोक ओढायची काळी घुंडी, तिच्या मागे बारीक स्क्रू, एक नट आणि ट्यूबचं रबर कापून केलेला वायसर. पण चोकची घुंडी तर गाडीला बसलेली होती.

“जुन्या गाडीत एखांदी वस्तू उरतेच. फेका.”

“फेकायची नाही. कुठं बसते ते सांगा.”

बिचाऱ्यांनी टाकी काढली, सीट काढली, बाजूची झाकणं काढली. शेवटी कंटाळले. “इतका बारीक स्क्रू या गाडीत कुठीच नाई, वैनी. हा घुंडीले त्यानंच मागून बसवला. काऊन, ते त्यालेच मालूम.” सगळं पुन्हा बसवून ते गेले.

मी डबा घासायला घेतला. झाकणाची सुतळी ऑइलने चिकट झाली होती, ती कापून टाकली. झाकण धुऊन पाणी निथळायला उभं धरलं तर भोकातून ऊन आलं. बाजूला काढून ठेवलेली घुंडी मी उचलली. तिचा स्क्रू त्या भोकात घातला, खालून वायसर लावला, नट फिरवला. यांचाच पाना आणून आवळला. मूठ जराही हलेना.

आणि मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. मी पडवीकडे तोंड करून ओरडले, “सांगाले का झालतं तुमाले? एक शब्द सांगाले का झालतं? मी भंगाराचं बोलून गेली ना!”

शेजारीण कुंपणाशी धावत आली. “कोनासंग भांडून राह्यल्या, बाई?”

“आमच्या यायच्यासंगच,” मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मला रडू फुटलं.