दोन दरबारांची डिक्शनरी

"मास्तर, शिकवायला तुम्हांला काय कमी पडतं?" इन्स्पेक्टर साहेबांनी भर वर्गात विचारलं.

हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "विचारलं तर 'सर्व कृपा आहे' म्हणायचं." पण माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि शब्द अडला की "उद्या सांगतो" म्हणायचो. मुलांची मॅट्रिक तोंडावर आलेली.

"साहेब, एक मोठी डिक्शनरी," मी म्हणालो.

हेडमास्तरांची मान खाली गेली. ते मला अजून लागतं.

आमचं देवास गाव एक, राज्यं दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. शाळा सामाईक. दोघांचे कारभारी साहेबांच्या दोन बाजूंना बसले होते.

"थोरली पाती देईल," एक म्हणाले.

"का? आमच्या पातीत दुष्काळ पडलाय?" दुसरे म्हणाले.

म्हणून डिक्शनरी दोन खंडांची आली. एकावर थोरल्यांचा शिक्का, दुसऱ्यावर धाकट्यांचा. खंड राहिले ज्याच्या त्याच्या कचेरीत. कचेऱ्या रस्त्याच्या समोरासमोर.

मी मागायला गेलो. शिपाई म्हणाला, "दरबार की चीज है मास्साब, पराये राज में नी जायगी."

"अरे, शाळा दोघांची आहे!"

"तो आधी स्कूल तो पराई हुई नी? यहीं बैठके बांच लो, भिया."

इथे शब्द काढावा, तर त्यापुढे छापलेलं: अमुक शब्द पाहा. तो अमुक नेमका समोरच्या राज्यात. उन्हात सरहद्द ओलांडून ओलांडून मी थकलो.

शेवटी वर्गच तिथे नेला. अर्धी मुलं या ओसरीवर, अर्धी समोरच्या.

"सापडला का रे?"

"नाही! हा खंड तुमच्याकडेच परत पाठवतोय!"

बाजार गोळा झाला. मुलांना "हळू बोला" असं मी एकदाही म्हटलं नाही, हेही सांगून टाकतो.

थोरले कारभारी बाहेर आले. "मास्तर, कचेरी आहे की आखाडा? वर्ग शाळेत भरवा!"

"डिक्शनरी इथे आहे, साहेब."

"धाकट्यांनी त्यांचा खंड दिला?"

"त्यांनीही आपल्याबद्दल हेच विचारलं."

मग ठरलं. दोन शिपाई, डोक्यावर एकेक खंड, दोघे एकाच वेळी निघाले. कुणी पुढे जायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. शाळेचं दार अरुंद. दोघे अंग तिरपं करून, पोटाला पोट घासत, एकदम आत शिरले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिक्षकबंधूंना एवढंच सांगेन: आपल्या अर्जाला कचेरीत वर्षानुवर्षं जागा मिळते. आपला वर्ग त्यांना अर्धा दिवस सोसत नाही.