पोस्टकार्डावरचा होकार

अगं, जवळ ये. आत्याकडं आलीस आणि उंबऱ्यातच चपला घालून उभी? पाणी पी आधी, मग ऐक. माझ्या इंग्रजीनं मला कशी अद्दल घडवली, ते तुझ्या बापालाही मी सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात विहिरी खोदायचं काम चाललं होतं. परदेशातून मदतीला आलेली एक मुलगी चार महिने आमच्या शेजारी राहिली. परत गेल्यावर ती मला पत्रं लिहायची. मॅट्रिक मी घरी अभ्यास करून कशीबशी झालेली, इंग्रजी बेताचंच. मग तिची पत्रं हीच माझी शाळा झाली. हो म्हणायचं झालं की ती कधी ‘येस’च्या जागी ‘या’ लिहायची, कधी ‘शुअर’, कधी ‘ओके’. मी सगळे शब्द वहीत उतरवून ठेवले.

पुढच्या वर्षी नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला अर्ज केला. वडिलांनी बजावलं होतं, यंदा जागा मिळाली तर शीक, नाहीतर वैशाखात लग्न. आणि जागा मिळाली की! येणार का ते कळवा, असं इंग्रजी पत्र आलं. गावातल्या शाळेच्या मास्तरांना विचारायचं सोडून मीच पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, ‘या, शुअर, ओके.’ वाटलं, तीनदा हो म्हटलं की माझी तयारी दिसेल.

आठ दिवसांत उत्तर आलं. असलं लिहिणारी मुलगी आम्हाला नको, जागा रद्द. डिक्शनरी घेऊन मी ते पत्र चारदा वाचलं. चुकून दुसरीचं आलं असेल, असंच वाटत होतं.

आईनं भाकरी बांधून दिली आणि सकाळच्या एसटीनं मी नगर गाठलं. सगळ्या नर्सांच्या मुख्य मेट्रनबाई, त्यांच्या टेबलावर माझंच कार्ड.

“हे तू लिहिलंस?”

“हो बाई.”

“तोंडानं ‘हो बाई’ म्हणतेस, आणि कागदावर ‘हां रे, चालतंय की’?”

माझी कानशिलं तापली. मैत्रिणीनं मैत्रिणीला लिहायचे शब्द ते! वर्षभर घोकले आणि एवढं कळलं नाही. वडिलांना ‘हां रे’ म्हटलं असतं तर थोबाड फुटलं असतं, आणि इथं मी थेट मेट्रनबाईंना म्हणून बसले होते.

रडत रडत पत्रांची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत होत्या. पण जागा कालच राहात्याच्या एका मुलीला दिली, म्हणाल्या. वैशाखातल्या लग्नाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं, ‘येस मॅडम, मी येईन.’ कोणी सोडून गेली तर कळवते, म्हणाल्या आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

बावीस दिवस अन्न गोड लागलं नाही. मग बोलावणं आलं. राहात्याची मुलगी रक्त बघून चक्कर येऊन पडली होती, ती घरी गेली.

ट्रंक वडिलांनीच स्टँडवर आणली. एसटी सुटताना खिडकीपाशी आले आणि म्हणाले, “सुट्टी मिळंल तवा ये. आई वाट बघंल.” हुकूम सोडणारा माणूस तो, विनवताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तिकीट हातात धरून नगर येईपर्यंत मी तशीच बसले होते.

तूही आता परत यायला महिनेन् महिने लावू नकोस गं. लवकर ये.